मृणालची जीप आणि माझा जळफळाट

संस्थेच्या पैशाचं दरवर्षी ऑडिट होतं, किश्श्यांचं होत नाही. म्हणून पैसा मार्चअखेर संपतो आणि किस्से मात्र साठत जातात. पालघर-बोईसरकडे इतकी वर्षं संस्थेच्या कामात काढल्यावर माझ्याकडे आता एवढे साठलेत, की चार मैत्रिणी चहाला जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "कुंदा, तो जीपचा सांग ना!"

सांगते. पण आधीच सांगून ठेवते, या सगळ्या किश्श्यांत मी जळते आहे. कुठे थोडी, कुठे भडाभडा. ज्यांना साधुसंतांच्या गोष्टी ऐकायच्या असतील त्यांनी दुसरीकडे बसावं!

गोष्टी ऐंशी सालानंतरच्या. पालघरला आमची संस्था होती, म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली गिरणी सुरू झाली की आमचं टेबल थरथरायचं आणि कागदांवर पीठ बसायचं. मी माकुणसारची, मराठी घेऊन बी. ए. झालेली. डोंगराकडच्या पाड्यांवर आमच्या सात बालवाड्या होत्या, आणि त्या चालू ठेवणं हेच माझं आयुष्य होतं.

बोईसरला मृणाल होती. नवरा तिकडच्या एका कारखान्यात मॅनेजर, स्वतः मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, दिसायला चांगली, स्वभावाने त्याहून चांगली. हेच तर दुखणं होतं. ती खडूस असती तर माझं काम केवढं सोपं झालं असतं!

तिसरे एडवणचे नाना. निवृत्त मास्तर. कोळणींचं एक मंडळ चालवायचे आणि दर महिन्याला आम्ही सगळे पालघरला भेटायचो तेव्हा एका कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या जखमेवर मीठ चोळायचे. पैसा आम्हा तिघांनाही परदेशातल्या संस्थांकडून यायचा. त्यांना आम्ही 'निधीवाले' म्हणायचो. यायचा म्हणजे, मृणालला यायचा. आम्हाला शुभेच्छा यायच्या.

*

मृणालला जीप मिळाली ती 'दुर्गम भागातील महिलांचा विकास' या नावाखाली. पांढरी, नवी कोरी, दारावर इंग्रजीत संस्थेचं नाव. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मनोर रस्त्याला एसटीची वाट बघत उन्हात उभी होते. एसटी आलीच नाही, जीप आली.

"अगं कुंदा!" मृणालने डोकं बाहेर काढलं. "उन्हात काय उभी राहिलीस? ये, सोडते तुला."

"नको गं," मी म्हटलं, "मला चालायला आवडतं."

एकदा म्हटलं म्हणजे चालणं आलंच. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी अगदी आवडीने चालले. नंतर चपलेचा अंगठा तुटला.

त्या जीपचं एक होतं. ती ओढ्यापर्यंतच जायची. ओढ्यापलीकडच्या पाड्यांवर चाक पोचेना, म्हणून मृणालच्या कामातून ते पाडे हळूहळू गळत गेले आणि ओढ्याअलीकडचे दुर्गम ठरले. महिन्याच्या बैठकीत एका नव्या कार्यकर्तीने भाबडेपणाने विचारलं, "नाना, दुर्गम म्हणजे नक्की काय हो?"

नानांनी तंबाखू मळता मळता सांगितलं, "जिथवर जीप जाते पण पंखा नसतो, त्याला दुर्गम म्हणायचं. त्याच्या पुढं असते ती आपली कुंदा!"

सगळ्यात मोठ्याने मृणाल हसली. मनापासून हसली. मला तर तिच्या हसण्याचाही हेवा वाटला.

*

निधीवाल्यांना प्रस्ताव इंग्रजीत लागायचा. मराठीत भूक लागलेली त्यांना समजत नसे. माझं इंग्रजी पास होण्यापुरतं. म्हणून मी ओळखीच्या एका इंग्रजीच्या मास्तरांना गाठलं. भला माणूस. तीन संध्याकाळी बसून त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात प्रस्ताव लिहून दिला, एक पैसा घेतला नाही.

आता मास्तरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी पत्र म्हणून शिकवलं काय, तर रजेचा अर्ज! त्यामुळे प्रस्तावाचा सूर साधारण असा झाला: सविनय विनंती करते की, गेल्या पावसाळ्यापासून मी व माझी मुले कुपोषणाने ग्रस्त असून, कृपा करून आमच्याकडे सहानुभूतीने पाहावे. आपली आज्ञाधारक, कुंदा.

मी वाचलं होतं. मला ते फारच छान वाटलं होतं!

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. जाड, मऊ कागद. आपण आणि आपली मुलं लवकरात लवकर बरी व्हावीत अशी आमची मनापासून इच्छा आहे, मात्र वैयक्तिक औषधोपचारासाठी आम्ही मदत देत नाही.

माझं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

बातमी बोईसरला पोचायला वेळ लागला नाही. मृणाल मुद्दाम भेटायला आली. "मला सांगायचंस ना गं! अर्ध्या तासात लिहून दिला असता." त्या नकाराच्या पत्रापेक्षा मला हे 'अर्ध्या तासात' जास्त झोंबलं.

मास्तरांना पत्र दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पण स्पेलिंगची चूक एकही काढलेली नाही, बघ!"

*

निधीवाल्यांचे पाहुणे यायचे ते थंडीत. हवा बरी असते म्हणून. आणि डोंगराकडची माणसं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जायची, ती पावसाच्या तोंडाला परतायची. म्हणजे बघायला येणारे हजर व्हायचे तेव्हा बघण्यासारखी माणसं गावाला नसायचीच! रिकाम्या झोपड्या आणि दोन म्हाताऱ्या दाखवून निधी मिळत नाही.

एकच पाडा थंडीतही भरलेला असायचा. उमरोळी स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. तिथल्या बायका बोईसरच्या कारखान्यांत कामाला जायच्या, म्हणून पाडा जागेवर राहायचा. आमची एक बालवाडी तिथे होती, मृणालचा शिवणवर्ग तिथे होता, आणि आणखी दोन-तीन संस्थांचं काहीबाही होतं. साहजिकच सगळ्यांचे सगळे पाहुणे तिकडेच! त्याच बायका, तेच अंगण, तेच गाणं.

तिथे बायजी नावाची एक बाई होती. वारल्यांची. कारखान्यात झाडू मारायची, आणि पाड्यात तिच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. कुणालाही अरे-तुरेच बोलायची. मामलेदार असो, डॉक्टर असो, देव असो, सगळे 'तू'.

एकदा मी पाहुणे घेऊन गेले. मी पुढे, पाहुणे मागे चपला काढत होते. तेवढ्यात बायजीने मला बाजूला ओढलं आणि हळूच विचारलं, "बाय, आज आमी कोनाच्या?"

"माझ्या गं! आज तुम्ही माझ्या."

"मंग बालवाडीचं बोलायचं. शिवनाचं नाय." तिने मागे वळून बायकांना खूण केली. दोघींनी हातातली कापडं लुगड्याखाली सरकवली.

सगळं छान पार पडलं. पण माझ्या पाहुण्यांसमोर बायकांनी गाण्याची दोनच कडवी म्हटली. आणि मला पक्कं ठाऊक होतं, की आदल्या आठवड्यात मृणालच्या पाहुण्यांपुढे पूर्ण गाणं झालं होतं, वर नाचसुद्धा! मला राहवेना. पाहुणे गेल्यावर मी बायजीला विचारलंच.

ती म्हणाली, "ती गानं चालू असताना फोटू काढतं. मंग आमी गातो. तू मधीच उटून भाषन करतं."

*

नानांची दुःखं वेगळी. निधीवाल्यांच्या डोक्यात एक पक्कं होतं, की गरीब म्हणजे डोंगरातला. समुद्राकाठी राहणारा माणूस गरीब असू शकतो हे त्यांना पटायचं नाही. समुद्र बघितला की त्यांना सुट्टीच आठवायची!

नानांनी दोन वर्षं पत्रं लिहून, विनवण्या करून एकदाचा एक पाहुणा एडवणला आणला. कोळणींना मासे नेण्यासाठी टेम्पो हवा होता. डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठेपर्यंत मासळी नरम पडायची, भाव पडायचा. मागणी अगदी रास्त. 'वंचित मच्छिमार महिला' अशी फाईल तयार. नानांनी मलाही बोलावलं होतं.

आम्ही पोचलो आणि नाना दारातच थबकले. सगळ्या वंचित महिला ओळीने बसलेल्या, आणि अंगावर घरातला होता नव्हता तेवढा दागिना! गळ्यात, कानात, नाकात, दंडात. एका म्हातारीच्या कानांच्या पाळ्या तर ओझ्याने खांद्याकडे निघाल्या होत्या. पाहुणा डोळे मिचमिचवत राहिला. खरं म्हणजे त्यातलं बरंचसं एकमेकींकडून मागून आणलेलं होतं, आणि काही तर बेन्टेक्सचं होतं. पण हे पाहुण्याला कोण सांगणार?

नाना दात-ओठ खात कुजबुजले, "अगं, काढा ते! निदान तो जाईपर्यंत तरी काढा!"

त्यांच्या मंडळाची अध्यक्ष ताडकन उठली. "पावन्यासमोर बोडक्या गल्यानी बसू? आमचं दादले मेलं काय रं मास्तर?"

टेम्पो काही आला नाही. मला नानांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच महिन्यात तो निधी मृणालच्या शिवणवर्गाला गेला, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

*

मृणालने स्लाइड प्रोजेक्टर आणला तेव्हाची गोष्ट. पालघरला एका शाळेच्या वर्गात पडदे लावून तिने तिच्या कामाच्या स्लाइड दाखवल्या. मुंबईहून निधीवाल्यांचे दोघे जण आले होते. आम्ही सगळे मागच्या बाकांवर.

स्लाइड सुरेख होत्या. प्रत्येक स्लाइडला 'वा' निघत होता, आणि प्रत्येक 'वा' मी मोजत होते. बालवाडीचा एक फोटो आला. बालवाडी ओळखीची वाटली. भिंतीवरचा पोपट तर मीच काढला होता, बदकासारखा दिसणारा! मी पुढे वाकून बघितलं. फोटोच्या एका बाजूला एक बाई होती. पदर कमरेला खोचलेला, केस विस्कटलेले, अंगावर चिखल, काखेत एक रडणारं पोर.

मृणाल बिचारी पुढची स्लाइड लावण्यात गुंतलेली, पडद्याकडे ओझरतंच बघितलं. तिने इंग्रजीत सांगितलं, "आणि ही आपली एक लाभार्थी माता."

निधीवाल्यांपैकी एक जण हळहळून चुकचुकला. "बिच्चारी!"

ती बिच्चारी मी होते.

अंधारात नानांचा आवाज आला, "कुंदे, तुला काय काय लाभलं गं?"

*

मग एक वर्ष असं आलं की निधीवाल्यांनी नवीनच नियम काढला. ज्यांच्यासाठी काम करता, त्यांचा माणूस तुमच्या विश्वस्त मंडळात पाहिजे. नियम चांगला होता. पण झाली ना पळापळ! सगळ्या संस्थांना एकाच वेळी एक मॅट्रिक झालेला आदिवासी हवा, जो बैठकीला येईल आणि नाही म्हणणार नाही. असा एकच होता. लहानू. तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई होता.

लहानू एका महिन्यात सगळ्यांचा विश्वस्त झाला! माझाही, मृणालचाही. माझ्या बैठकीला तो कधी यायचा, कधी यायचा नाही. मृणालच्या बैठकीला मात्र ठरल्या वेळेच्या आधी हजर. तिच्याकडे क्रीमची बिस्किटं असायची. आमच्याकडे पोहे असायचे, त्यातही गिरणीचं पीठ.

पुढे एका पाहुण्याने कौतुकाने त्याला विचारलं, "विश्वस्त झाल्यापासून काय फरक पडला?"

लहानूने नीट विचार केला. "लय फरक पडला, सायेब. आदी मला सांगायचे, हितं सही कर. आता बी सांगतात हितं सही कर, पन सहीच्या आदी बसायला खुर्ची देतात."

*

आता शेवटचा. हा मी एरवी सांगत नाही.

त्या वर्षी आमची परिस्थिती वाईट होती. हातातला पैसा पावसाळ्यापर्यंतच पुरणार होता. त्यानंतर सातही बालवाड्यांना कुलूप लावावं लागलं असतं. एकच मोठा निधी येण्यासारखा होता, तीन वर्षांचा. तो आमच्या भागात एकाच संस्थेला मिळणार होता. शेवटपर्यंत दोघीच उरलो. मी आणि मृणाल.

मी देवाला नवस बोलले नाही एवढंच. पण रात्रंदिवस डोक्यात तेच. निधी मला मिळावा असं जितकं वाटत होतं, जवळजवळ तितकंच मृणालला मिळू नये असंही वाटत होतं.

निर्णय घ्यायला परदेशातून इंग्रिडबाई आल्या. उंच, साध्या, सुती सलवार-कमीज घातलेल्या. त्यांनी आम्हा दोघींचे प्रस्ताव बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "तुम्ही काय लिहिलंय ते मी वाचलं. पण पैसा ज्यांच्या नावाने येतो, त्यांना कुणी कधी विचारलंय का? पाड्यातल्या बायकाच ठरवतील. त्या म्हणतील तिला देऊ."

मला तर उड्या माराव्याशा वाटल्या! माझ्या मनात कसलीच शंका नव्हती. त्या पाड्यात मी पावसात, चिखलात, तापात गेले होते. तिथल्या निम्म्या पोरांची नाकं मी पुसली होती. मृणाल यायची ती जीपमधून, तासाभराने जायची. कुठे मी आणि कुठे ती!

उमरोळीच्या त्याच पाड्यावर बायका जमल्या. इंग्रिडबाईंनी मुंबईहून एक दुभाष्या आणला होता. इस्त्रीचा शर्ट, पुस्तकी मराठी. बायजीने बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांतच त्याचा चेहरा पडला. पाड्यावरची बोली (मी तुम्हाला सांगते ती सोपी करून) त्याच्या बापजन्मी कानावर पडली नव्हती. मृणालला इंग्रजी फाडफाड यायचं, पण बोली तिलाही समजायची नाही. ती शिवणवर्गातल्या पोरींशी हिंदी-मराठी मिसळून बोलायची.

शेवटी मृणालच म्हणाली, "कुंदाला यांचं बोलणं चांगलं समजतं. तिचं इंग्रजी..." आणि थोडं थांबून, "चालेल."

चालेल! मी दात आवळून हसले.

इंग्रिडबाईंनी मृणालला विचारलं, "पण हिचाही अर्ज आहे. तुम्हाला हरकत नाही?"

"छे! कुंदा खोटं बोलणार नाही," मृणाल म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की त्यावरही मी जळले.

मी मधोमध बसले. एका बाजूला इंग्रिडबाई वही उघडून, दुसऱ्या बाजूला बायजी, तिच्या मागे सगळ्या बायका. इंग्रिडबाईंचा प्रश्न मी बायजीला सांगितला, की दोघींपैकी एकीलाच पैसे मिळणार, तर कुणाला द्यायचे?

बायकांची आपसांत कुजबुज झाली. फार वेळ लागला नाही. बायजीने लुगडं सावरलं आणि थेट इंग्रिडबाईंकडे बघत बोलायला लागली.

"पैसं त्या जीपवालीला दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मागच्या बायका माना डोलवत होत्या.

"ही कुंदा हाय ना," बायजीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, "ही आमचीच हाय. हिला पैसं दिलं तरी येल, नाय दिलं तरी येल. आजवर कदी चुकली नाय. पन त्या दुसरीला नाय दिलं तर ती काय यायची नाय. ती आली का जीप येतं. कोनी अडली तर दवाखान्यात नेतं. मंग तिला दे. म्हंजे दोगी येतील."

"हां, दोगी येतील," मागून दोन-तीन बायका म्हणाल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर अवघड हिशेब सुटल्यासारखं समाधान होतं.

इंग्रिडबाई पेन धरून माझ्याकडे बघत होत्या. मृणाल माझ्या कानाशी वाकली. "काय म्हणाली गं? मला फक्त जीप एवढंच समजलं."

मी पाण्याचा तांब्या उचलला, घोट घेतला, खाली ठेवला आणि परत उचलला.

बायजीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सांग की गं बाय," ती म्हणाली. "खोटं बोललं काय मी?"